स्थानकालगतचे घर आणि वाहनतळाची सक्ती : मुंबईतील एका नियमाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुंबईतील घरांच्या जाहिरातींत 'स्टेशनपासून चालत पाच मिनिटे' ही शब्दयोजना अनेक दशके रूढ आहे. गेल्या काही वर्षांत तिच्या शेजारी 'राखीव पार्किंगसह' हे शब्दही दिसू लागले. पहिल्या शब्दांत घेणाऱ्याला गाडीची गरज पडणार नाही, असे आश्वासन आहे. दुसऱ्यात त्याच्याकडे गाडी असणारच, असे गृहीतक आहे. ही दोन्ही आश्वासने एकाच सदनिकेच्या किमतीत मिळवलेली असतात आणि दोन्हींचे मोल घेणाराच देतो.

रेल्वे वा मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभ्या राहणाऱ्या निवासी इमारतीत वाहनतळ असावा की नसावा, हा प्रश्न सामान्यतः नगररचनेतील तांत्रिक तपशील समजला जातो. अभियंता, वास्तुविशारद व महापालिकेचे इमारत प्रस्ताव खाते यांच्यापुरती त्याची चर्चा मर्यादित राहते. परंतु मुंबईसारख्या, रुळांच्या आधारानेच विस्तारलेल्या शहरात या प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे. घराला गाडीची जागा जोडण्याची सक्ती केव्हा आली, ती कोणत्या मोजमापावर आधारली गेली आणि तिचा खर्च कोणावर पडला, या तीन बाबींचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रुळांच्या आधाराने वाढलेली वस्ती

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. १८६७ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू केली. या दोन्ही मार्गांवरील स्थानके प्रारंभी खेड्यांच्या वा बागायतीच्या कडेला होती. त्यांच्याभोवती दाट वस्ती होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. त्याला खरी चालना १८९६ च्या प्लेगने दिली. रोगाची साथ दाटीमुळे पसरते या समजुतीतून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि शहराच्या उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यात आखीव रस्त्यांच्या वसाहतींची योजना हाती घेण्यात आली. हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी या त्याच योजनेची फलश्रुती होत. या वसाहतींत रस्ते रुंद होते, झाडे होती, इमारती दोन-तीन मजल्यांच्या होत्या आणि दादर स्थानक पायी गाठता येत असे. रस्त्यांची रुंदी ठरविताना नियोजकांच्या डोळ्यांपुढे हवा व उजेड होता. तीच रुंदी पुढे मोटारींच्या रांगांना उपयोगी पडेल, याची कल्पना त्या काळी कोणाला असण्याचे कारण नव्हते.

सहकारी गृहनिर्माणाची चळवळही याच काळातील आहे. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची. ग्रँट रोड स्थानक तिच्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे. त्याच वर्षीच्या मुंबई नगररचना अधिनियमाने साष्टीतील वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले आदी उपनगरांत नगररचना योजनांचा मार्ग मोकळा केला. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला आणि १९२८ मध्ये पश्चिम मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा पार्ल्यात राहून फोर्टमध्ये नोकरी करणे मध्यमवर्गीय कारकुनाच्या आवाक्यात आले. घर, पायवाट, स्थानक व कचेरी अशी या वर्गाच्या दिनक्रमाची साखळी होती. तिच्यात खासगी वाहनाला स्थान नव्हते आणि त्याची उणीवही कोणाला भासत नव्हती. शहरातील उरलेल्या अंतरासाठी १९०७ पासून विजेची ट्राम होती, १९२६ पासून बसही आली. विलेपार्ले किंवा मालाड येथे 'स्टेशन रोड' हा गावाचा मुख्य रस्ता झाला. बाजार, शाळा, दवाखाना, देऊळ हे सर्व त्याच्या दुतर्फा वसले.

श्रमिकांच्या घरांचा विचार याहून वेगळा करावा लागतो. १९२० मध्ये स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या, त्या आजही बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. एका कुटुंबाला सुमारे १६० चौरस फुटांची, म्हणजे जवळजवळ १५ चौरस मीटरची एक खोली मिळे. शौचालये सामाईक असत. गिरणी पायी गाठायची हा या घरांमागील हिशोब होता. या १५ चौरस मीटरच्या आकड्याचा संदर्भ पुढे येणार आहे.

'गॅरेज' या शब्दाचा प्रवास

मोटार ही मुंबईतील उच्चभ्रू वर्गाकडे विसाव्या शतकाच्या आरंभापासून होती. तिच्यासाठी बंगल्याच्या आवारात, पूर्वीच्या घोड्यांच्या तबेल्याच्या जागी गॅरेज बांधले जाई. १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, माटुंगा येथे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांतील काहींच्या मागील अंगाला गॅरेजांची रांग असे. ज्याला हवे त्याने ते भाड्याने घ्यावे, ज्याला नको त्याने घेऊ नये, असा सर्वसाधारण व्यवहार होता. घराचे भाडे व गॅरेजचे भाडे या दोन गोष्टी होत्या.

कायद्यानेही प्रारंभी गॅरेजकडे घराचे उपांग म्हणूनच पाहिले. मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ मध्ये 'जागा' या संज्ञेच्या व्याख्येत इमारतीला संलग्न असलेली बाग, आवार, गॅरेज व बाहेरील खोल्या यांचा, त्या असल्यास, समावेश करण्यात आला. 'असल्यास' हा शब्द येथे लक्षणीय आहे. गॅरेज असावेच अशी अपेक्षा त्यात नाही. पुढे १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियमात 'फ्लॅट' म्हणजे स्वतंत्र व स्वयंपूर्ण जागा अशी व्याख्या करताना तीत 'गॅरेजचाही समावेश होतो' असे नमूद झाले. विधिमंडळासमोर त्या वेळी भिंती व दरवाजा असलेली, विकता येण्याजोगी खोली होती, असे मानणे योग्य ठरेल. याच तीन-चार शब्दांवर जवळपास अर्धशतकानंतर सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद व्हावा, हा विधिलेखनाच्या इतिहासातील एक गमतीचा भाग होय.

या संपूर्ण काळात मोटारींची संख्या उत्पादनाच्या परवान्यांमुळे मर्यादित राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. नोंदणी केलेली गाडी हाती येईपर्यंत मुलगा महाविद्यालयात जाऊ लागला, अशा कथा त्या पिढीत सांगितल्या जात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि या चित्रात प्रथमच बदल होऊ लागला.

१९९१ ची नियमावली आणि तिचे मोजमाप

मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६४ मध्ये तयार झाला व १९६७ मध्ये विकास नियंत्रण नियमांसह मंजूर झाला. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे प्रमाण, याच आराखड्यामुळे शहराच्या व्यवहारात रुजले. त्याची जागा घेणारी विकास नियंत्रण नियमावली २५ मार्च १९९१ पासून अमलात आली. बेट शहरात निर्देशांक १.३३ आणि उपनगरांत १ असा ठरला. वाहनतळाच्या तरतुदी तीत तक्त्याच्या स्वरूपात सविस्तर देण्यात आल्या.

या तक्त्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. निवासी इमारतीसाठी वाहनांच्या जागांची संख्या मुख्यतः सदनिकेच्या चटई क्षेत्रावरून ठरविण्यात आली होती. लहान सदनिकांना काहींत मिळून एक जागा, मध्यम सदनिकेला एक, मोठ्या सदनिकेला एकाहून अधिक, अशी ती चढती श्रेणी होती. घर मोठे म्हणजे उत्पन्न अधिक, उत्पन्न अधिक म्हणजे गाड्या अधिक, असे तिचे तर्कशास्त्र होते. ते सर्वस्वी चुकीचे नव्हते. परंतु माहीम स्थानकाच्या दारातील घर आणि स्थानकापासून चार किलोमीटर दूर, बसही क्वचित जाते अशा ठिकाणचे तेवढ्याच आकाराचे घर, यांच्यात या पद्धतीने भेद होत नव्हता. ज्या शहराची वस्ती रेल्वेने घडविली, त्या शहराच्या नियमपुस्तकात घराचे स्थानकापासूनचे अंतर या हिशोबात धरले गेले नाही, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

दुसरी तरतूद परिणामांच्या दृष्टीने याहून दूरगामी ठरली. नियमानुसार आवश्यक असलेल्या वाहनतळाचे क्षेत्र निर्देशांकाच्या गणनेतून वगळण्यात आले. खोली वाढविली तर निर्देशांक खर्ची पडतो, गाडीची जागा वाढविली तर पडत नाही, असा त्याचा अर्थ झाला. तळमजला खांबांवर मोकळा ठेवून त्यावर इमारत उभारण्याची 'स्टिल्ट' पद्धत त्यातून सार्वत्रिक झाली. पुढे उंच इमारतींत खालचे अनेक मजले केवळ गाड्यांसाठी असलेले 'पोडियम' आले. जुन्या चाळीच्या तळमजल्यावर दुकान, ओटा, शिंपी, वाणी असे. रस्त्याशी इमारतीचे नाते त्या मजल्यामुळे राही. ते नाते अनेक ठिकाणी तुटले.

नियमावलीत मोटारीच्या एका जागेचे माप २.५ मीटर रुंद व ५.५ मीटर लांब, म्हणजे १३.७५ चौरस मीटर धरलेले होते. गाडी आत नेण्या-आणण्याची व वळविण्याची जागा मिळविली तर प्रत्यक्ष लागणारे क्षेत्र याच्या दीडपट ते दुप्पट होते. बीडीडी चाळीतील कुटुंबाची खोली सुमारे १५ चौरस मीटरची होती. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९० च्या दशकात पात्र कुटुंबाला २२५ चौरस फुटांची, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटरची सदनिका देण्याचे ठरले. ही मापे एकमेकांशेजारी ठेवली असता शहराने माणसाला व यंत्राला दिलेली जागा जवळजवळ सारखीच भरते. फरक इतकाच, की एकीसाठी निर्देशांक मोजला जाई, दुसरीसाठी नाही.

येथे कालानुक्रमाची एक नोंद करणे उचित ठरेल. नियमावली १९९१ च्या मार्चमध्ये अमलात आली आणि केंद्र शासनाचे नवे औद्योगिक धोरण त्याच वर्षी जुलैत जाहीर झाले. १९९३ मध्ये मोटार उत्पादन परवानामुक्त झाले. म्हणजे मोटारींचा पूर येण्यापूर्वीच त्याच्यासाठी पात्र खोदून ठेवलेले होते. नियमाच्या रचनाकारांनी भविष्य अचूक ओळखले असे म्हणता येईल. त्या भविष्याला त्यांनी हातभार लावला असेही म्हणता येईल. घराबरोबर गाडीची जागा आपोआप मिळत असेल, तर गाडी न घेण्याचे एक कारण कमी होते.

पांचाली खटला

सक्तीने निर्माण झालेली ही जागा कोणाची, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. विकासक स्टिल्टमधील जागा सदनिकाधारकांना, क्वचित बाहेरच्यांनाही, वेगळ्या किमतीला विकू लागले होते. दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत स्टिल्टमधील अशा २५ जागांवरून विकासक व संस्था यांच्यात वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये विकासकाच्या विरोधात निर्णय दिल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्या. आर. एम. लोढा व न्या. ए. के. पटनाईक यांच्या खंडपीठाने निकाल दिला.

१९६३ च्या अधिनियमातील 'गॅरेज' या शब्दात स्टिल्टमधील जागा येते का, हा मुख्य मुद्दा होता. न्यायालयाने सामान्य माणसाला गॅरेज म्हणजे काय वाटते, ही कसोटी लावली. भिंतींनी बंद नसलेली, खांबांमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे. सबब ती सदनिकेचा भाग नव्हे व विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही. ती इमारतीच्या सामाईक क्षेत्राचा भाग आहे, असा निर्णय झाला.

हा निकाल सदनिकाधारकांचा विजय म्हणून गाजला आणि ते योग्यच होते. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानेही उघड्या वाहनतळाचा समावेश सामाईक क्षेत्रात केला. मात्र निकालातील आणखी एका विधानाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. सामाईक क्षेत्राची किंमत विकासक प्रत्येक सदनिकाधारकाकडून त्याच्या चटई क्षेत्राच्या प्रमाणात घेऊ शकतो, असे न्यायालयाने म्हटले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ज्याच्याकडे गाडी आहे व ज्याच्याकडे नाही, ते दोघेही स्टिल्टच्या खर्चात घराच्या आकारानुसार वाटेकरी होतात. विकासकाच्या नफेखोरीला आळा बसला, पण गाडी नसलेल्याने गाडीवाल्याची जागा पोसण्याची व्यवस्था तशीच राहिली; उलट तिला समान मालकीचे अधिष्ठान मिळाले. दोष न्यायालयाचा नव्हे. न्यायालयापुढे जागा कोणाची हा प्रश्न होता, जागा असावीच का हा नव्हता.

यानंतर अनेक संस्थांच्या सर्वसाधारण सभांत जागावाटप हा वार्षिक संघर्षाचा विषय झाला. जागा पुरेशा नसतील तर चिठ्ठ्या टाकायच्या, पाळीपाळीने द्यायच्या, दुसऱ्या गाडीला जास्त शुल्क लावायचे, असे मार्ग काढले गेले. लोकलने प्रवास करणारा सभासद या चर्चेत बहुधा गप्प बसतो. सामाईक जागेतील त्याचा वाटा त्याला वापरता येत नाही आणि सोडून देऊन पैसेही मिळत नाहीत.

सार्वजनिक वाहनतळांचा प्रयोग

२००८ मध्ये नियमावलीत आणखी एक तरतूद, ३३(२४), समाविष्ट करण्यात आली. खासगी भूखंडावर सार्वजनिक वाहनतळ बांधून तो महापालिकेकडे सोपविल्यास विकासकाला वाढीव निर्देशांक मिळेल, असे तिचे सूत्र होते. लोअर परळसारख्या, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहत असलेल्या भागांत या तरतुदीचा लाभ घेतला गेला. लोअर परळ हे पश्चिम रेल्वेचे स्थानक असून करी रोड हे मध्य रेल्वेचे स्थानक तेथून हाकेच्या अंतरावर आहे. शहरात रेल्वेची इतकी चांगली सोय असलेली ठिकाणे मोजकीच सापडतील. नेमक्या अशा ठिकाणी अधिक बांधकामाच्या मोबदल्यात अधिक गाड्यांना आवतण देण्यात आले.

त्यापुढील घडामोड बोलकी आहे. या वाहनतळांचा अपेक्षित वापर होईना, कारण बाहेर रस्त्यावर गाडी फुकट उभी करता येत होती. अखेर जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या परिसरात रस्त्यावर बेकायदा गाडी उभी करणाऱ्यांना हजारो रुपयांचा दंड आकारण्यास प्रारंभ केला. जागा पुरविली की रस्ता मोकळा होतो, हे गृहीतक येथे प्रत्यक्षात टिकले नाही.

विरोधी बाजू

वाहनतळाची सक्ती काढावी असे म्हणणाऱ्यांना दादर-माटुंग्याच्या गल्ल्यांचे उत्तर द्यावे लागते. हिंदू कॉलनीतील बहुतेक जुन्या इमारतींत मोटारींसाठी पुरेशी जागा नव्हती, स्थानक पायी अंतरावर होते, तरीही तेथील रस्त्यांच्या दोन्ही कडा गाड्यांनी भरल्या. जागा नाही म्हणून गाडी नाही, असे घडले नाही. रहिवाशांनी गाडी घेतली व ती सार्वजनिक रस्त्यावर लावली. त्यातून अग्निशमन दलाच्या बंबाला वाट मिळत नाही, पदपथ अडतो आणि सर्वांत जास्त त्रास स्थानकाकडे चालत जाणाऱ्यालाच होतो. नवी मुंबईचा अनुभवही असाच. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वाशी व अन्य उपनगरांत अल्प उत्पन्न गटासाठी जी लहान घरे बांधली, त्यांत मोटारींचा विचार नव्हता. पुढे १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी रेल्वे आली, उत्पन्न वाढले आणि त्या घरांसमोरील अरुंद रस्तेच वाहनतळ बनले.

आणखी एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. गाडी म्हणजे केवळ नोकरीवर जाण्याचे साधन नाही. वृद्ध आई-वडिलांना रुग्णालयात नेणे, रात्री-अपरात्री परतणे, सुट्टीत गावी जाणे या गरजा लोकल भागवीत नाही. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये शिरणे हे गर्भवती स्त्रीला वा अपंग व्यक्तीला शक्य आहे असे म्हणण्याचे धाडस मुंबईकर तरी करणार नाही. त्यामुळे स्थानकाजवळ राहणाऱ्याने गाडी बाळगूच नये, असा आग्रह अन्यायकारक ठरेल.

हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. मात्र बारकाईने पाहता त्यांतून सक्तीचे समर्थन होत नाही. पहिला आक्षेप रस्त्याच्या व्यवस्थापनाविषयी आहे. रस्त्यावरील जागा फुकट असेल तर इमारतीतील जागा, असली तरी, काहींना महाग वाटणारच. लोअर परळने ते दाखविले. दुसऱ्या आक्षेपातून इतकेच निघते, की ज्याला गरज आहे त्याला जागा मिळावी. १९३० च्या दशकातील गॅरेज नेमके तसेच होते. हवे त्याने घ्यावे व त्याचे भाडे द्यावे.

इतरत्र झालेले बदल

निवासी इमारतीला वाहनतळाची सक्ती करण्याची कल्पना अमेरिकी आहे. ओहायो राज्यातील कोलंबस शहराने १९२३ मध्ये बहुमजली निवासी इमारतींसाठी असा नियम केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो त्या देशात सर्वत्र पसरला. या नियमाची सर्वांत परखड चिकित्साही तेथेच झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील नगररचनेचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या ग्रंथात दाखविले, की फुकट वाटणाऱ्या वाहनतळाची किंमत घरभाडे, वस्तूंचे भाव व मोकळ्या जमिनीचा ऱ्हास या रूपांत सर्वांकडून वसूल होते. लंडनने २००४ च्या योजनेत किमान जागांऐवजी कमाल जागांची मर्यादा स्वीकारली. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून प्रमुख सार्वजनिक वाहतूक थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत किमान वाहनतळाची सक्ती करण्यास स्थानिक संस्थांना मनाई केली. त्या कायद्याने वाहनतळ बांधण्यावर बंदी घातलेली नाही. बांधायचा की नाही हे बांधणाऱ्यावर सोडले आहे. स्थानकापासूनचे अंतर या हिशोबात धरण्याचे हे सुस्पष्ट उदाहरण होय.

भारतात २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य देण्याची भूमिका घेतली. २०१७ च्या राष्ट्रीय पारगमनाभिमुख विकास धोरणाने स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरच्या प्रभावक्षेत्रात दाट वस्ती व मर्यादित वाहनतळ यांची शिफारस केली. या दोन धोरणांच्या मधल्या काळात, फेब्रुवारी २०१५ मध्ये, मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला होता व त्यात स्थानकांच्या परिसरात निर्देशांक मोठ्या प्रमाणात वाढविण्याचा प्रस्ताव होता. त्यावर प्रखर टीका झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये मसुदा बाजूला ठेवण्यात आला. २०१८ मध्ये अमलात आलेली विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली हे त्यानंतरच्या फेरविचाराचे फलित होय. स्थानकालगत अधिक माणसे राहावीत हा अर्धा विचार चर्चेत आला. त्या माणसांबरोबर गाड्या किती याव्यात, हा उरलेला अर्धा तुलनेने मागे पडला. दाट वस्ती व पूर्ण वाहनतळ ही दोन्ही एकत्र आली तर स्थानकासमोरचा रस्ता आधी कोंडतो आणि मग पायी चालणाराच बाजूला ढकलला जातो.

जपानने वेगळी वाट धरली. १९६२ च्या कायद्याने तेथे मोटारमालकावर बंधन आले. रस्त्याबाहेर गाडी ठेवण्याची जागा आपल्याकडे असल्याचे प्रमाणपत्र मिळविल्यावाचून गाडीची नोंदणी होत नाही. ही जागा त्याच इमारतीत असण्याची आवश्यकता नाही. घरापासून ठरावीक अंतरात भाड्याने घेतलेली चालते. गाडीचा भार गाडीवर, घराचा भार घरावर, अशी ही विभागणी आहे. महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनी २०२५ मध्ये याच स्वरूपाचा विचार, म्हणजे जागेच्या पुराव्यावाचून नव्या गाडीची नोंदणी न करण्याचा, जाहीरपणे मांडला. त्यावर ग्राहक व वाहन विक्रेते यांच्या बाजूने नाराजी व्यक्त होणे स्वाभाविक होते. तथापि असा नियम खरोखर करायचा असेल तर इमारतींवरील सक्ती त्याच्यासोबत शिथिल करावी लागेल, हे लक्षात घेतले पाहिजे. अन्यथा गाडी नसलेला रहिवासी सदनिकेच्या किमतीतून गाडीची जागा पूर्वीप्रमाणेच पोसत राहील आणि गाडी असलेल्याला तिचा पुरावा तेवढा आयता मिळेल.

वरळीतील दोन घटना

या प्रश्नाचे सध्याचे रूप वरळीत एकाच वर्षात पाहावयास मिळाले. मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ चा वांद्रे-कुर्ला संकुल ते आचार्य अत्रे चौक हा टप्पा सुरू झाला व वरळीच्या रहिवाशांना प्रथमच आपल्या भागात स्थानक मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ सदनिकांचा ताबा रहिवाशांना देण्यात आला. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी गिरणीपर्यंतचे अंतर पायी तोडले होते. नव्या उंच इमारतींच्या योजनेत बहुमजली वाहनतळाचा समावेश आहे. त्या वाहनतळाच्या देखभालीचा खर्च पुढे संस्थेच्या मासिक आकारणीत कसा विभागला जाईल, गाडी नसलेल्या कुटुंबाला त्यातून सूट असेल की नाही आणि रिकाम्या राहिलेल्या जागा भाड्याने देऊन आलेले उत्पन्न सर्वांच्या देखभाल खर्चात वळते करता येईल का, हे तेथील सर्वसाधारण सभांना लवकरच ठरवावे लागणार आहे.